गाण्याचं शेपूट

माप देताना माणूस खोटं बोलतो, हे मला शिंपीकामाने शिकवलं. त्यातही पुरुष छातीला खोटं बोलतात, आणि या बाबतीत आमच्या नंदुरबारात सुपडू मास्तरचा हात धरणारा कोणी नव्हता. टेप छातीभोवती गेली की हा गडी श्वास ओढून असा फुगायचा की शर्टाची बटणं बोलायला लागायची. पण मी आकडा वाचेपर्यंत त्याला ते सोंग निभायचं नाही. हवा निघून जायची, टेप घसरून पोटावर यायची, मग खोकल्याची उबळ, आणि मग डोळे पुसत हुकूम, "अण्णा, परत टाक." मी परत टाकायचो. शेवटी फुगलेला मास्तर आणि उतरलेला मास्तर यांच्या अधेमधे कुठेतरी बसेल असा कोट शिवायचो. तो दोघांनाही ढगळ व्हायचा.

मास्तर क्लारनेट वाजवायचा. ही मास्तरकी त्याला कोणी दिली असं विचारू नका, ती त्याने स्वतःच घेतली होती. उंच, काळा, मान बगळ्यासारखी पुढे काढलेली, केसांना इतकं तेल की माझ्या दुकानातल्या भिंतीवर त्याच्या डोक्याचा डाग कायमचा बसला. दर दिवाळीला मी तो चुन्याने पुसायचो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो परत हजर व्हायचा. ओठात बिडी नसेल तर क्लारनेट, आणि क्लारनेट नसेल तर स्वतःची स्तुती. त्याची एक सवय मात्र विचित्र होती. कुठलीच गोष्ट तो शेवटापर्यंत न्यायचा नाही. चहा प्यायचा, बशीत शेवटचा घोट ठेवायचा. बोलायला लागायचा, "अण्णा, कलाकार म्हंजे कसं..." आणि हात हवेत फिरवून गप्प. पुढचं आपण समजून घ्यायचं. ते समजून घेणारा आणि तो घोट पिणारा माणूस इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसत होता, म्हणून त्याला ही सवय आहे हे कधी कळलंच नाही.

तो माणूस म्हणजे हिलाल. धानोऱ्याचा, मास्तरच्या बायकोचा धाकटा भाऊ. बुटका, गोल, हसरा. ट्रम्पेट वाजवायचा. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील तेव्हा या दाजी-शालकांनी मिळून 'सूर्यतारा बँड' काढला. मोठ्या ढोलावर भटा नावाचा एक थंड माणूस, बाकी किरकोळ मंडळी. लाल कोट, पिवळी फीत, सगळं माझ्याच मशीनवर शिवलेलं. लग्नसराईत तापीकाठच्या गावांतून आधी सूर्यताराची तारीख घेत आणि मग भटजीला मुहूर्त विचारत. हे मी वाढवून सांगत नाही, थोडंसंच वाढवून सांगतोय.

त्या बँडची गंमत कशात होती? मास्तर गाणं उचलायचा फार सुंदर. हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याला ते जिवंतपणी मी कधी सांगितलं नाही, कारण मग कोटाची शिलाई कोणी दिली असती. पण बिड्यांनी छातीची चाळण झालेली. ओळ संपत आली की दम संपायचा. तेवढ्यात हिलाल ट्रम्पेट तोंडाला लावून ओळीचं शेपूट उचलायचा आणि मास्तर तेवढ्यात श्वास घेऊन पुढच्या ओळीला तयार. तोंड याचं, शेपूट त्याचं. हिलाल मात्र अंमळ उशिरा यायचा. मास्तर थांबला, तो आला, या दोन्हींच्या मधे एक बारीकशी पोकळी राहायची आणि भटा त्या पोकळीत ढोलावर हळूच एक थाप टाकायचा. लोकांना वाटायचं ही सूर्यताराची खास ढब. मुलं गल्लीत गाणी म्हणायची तीसुद्धा तशीच, मधे थांबून. लोक वेडे व्हायचे त्या पोकळीसाठी, आणि मास्तर प्रत्येक लग्नानंतर कोट काढता काढता एकच वाक्य बोलायचा, "हिलाल, उशीर." हिलाल हसून म्हणायचा, "हा दाजी." पुढच्या लग्नाला तितकाच उशीर.

हे सगळं मोडलं कोरीटला. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडचं लग्न होतं. नवरदेवाचा कोट मी शिवला होता म्हणून मलाही आमंत्रण. त्या साली एक विरहाचं गाणं सिनेमात गाजलेलं. ते लग्नात का वाजवायचं हे मला आजपर्यंत समजलेलं नाही, पण वाजवायचे आणि वऱ्हाडी नाचायचेसुद्धा. गाणं संपलं तेव्हा नवरदेवाचा आजा इतका खुशीत आला की बँडवाल्याला फेटा बांधायचा म्हणाला. मास्तर पुढे झाला, मान वाकवून उभा राहिला. म्हाताऱ्याला दिसत होतं कमी. तो कानाने माणूस शोधत होता. मास्तरच्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "गानं पुरं कोनी करं?" कोणीतरी हिलालकडे बोट केलं. म्हातारा म्हणाला, "मंग ज्यानी पुरं करं, त्याले बांधा फेटा."

आणि बांधला की हो. मास्तर वाकलेला तसाच राहिला. भर मांडवात मान वर कशी करावी हे त्याला सुचेना. एवढंच झालं असतं तरी मिटलं असतं. बैलगाडीत परत येताना मास्तर म्हणाला, "काढ तो फेटा." हिलाल म्हणाला, "दाजी, बांधेल फेटा काढतस का कोठे?" मास्तर मग कलाकार म्हणजे काय, तोंड म्हणजे काय, शेपूट म्हणजे काय यावर बोलायला लागला आणि सवयीप्रमाणे मधेच थांबला. हिलालने पंधरा वर्षांच्या सवयीने वाक्य पुरं करून टाकलं, "दाजी, खरं सांगू का? मन्हाबिगर तुमनं एक बी गानं पुरं व्हस नही."

बैलसुद्धा जरा हळू चालायला लागले असं भटा सांगायचा. मास्तर म्हणाला, "पुरं करी दखाडसू. एकला. तुन्हा समोर." आयुष्यात त्याने पुरं केलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते करून तो पस्तावला, कारण आता ते पाळणं आलं. त्या दिवसापासून या माणसाला जगात दुसरं काही नको होतं. एक गाणं, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, आपल्या एकट्याच्या दमावर, हिलालच्या डोळ्यांदेखत.

पंधरा दिवसांत दोन पाट्या लागल्या. मास्तरने पाटी लावली, 'सुपडू मास्तर यांचे स्वतंत्र क्लारनेट'. हिलालने धानोऱ्याला लावली, 'मूळ सूर्यतारा बँड, मालक हिलाल मास्तर'. म्हणजे मास्तरकीही वाटून घेतली. मग माझ्याकडे कोटांची चढाओढ सुरू झाली. मास्तर यायचा, फीत लावून घ्यायचा. आठवड्याने हिलाल यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचा, "दाजीन्या खांदावर काय लाई दिन्हं?" मी सांगितलं की त्याला त्याहून एक पट्टी जास्त हवी असायची. मग मास्तरला झालर. मग हिलालला झालर आणि गोंडे. शेवटी मास्तरच्या कोटाला इतकी जर झाली की कोपर वर उचलेना, क्लारनेट छातीपाशीच अडकलं. मी सगळं उसवून दिलं आणि उसवायचीही मजुरी घेतली. भांडण त्यांचं होतं, पण घर माझं चालत होतं.

भटा दोघांकडे वाजवायचा. ज्याची सुपारी आधी, त्याच्या दारात ढोल. तो दुकानात येऊन एकदा म्हणाला, "हाऊ इचारस, हिलाल काय वाजाडस. तो इचारस, दाजी काय वाजाडस. मन्हा ढोलले कोनी इचारस नही." त्याच्याकडूनच बातम्या यायच्या. हिलालची गत मास्तरपेक्षा वाईट होती. त्याला सगळ्या गाण्यांची शेपटं पाठ होती, तोंड एकाचंही नाही. त्याने गुजरातकडचा एक क्लारनेटवाला आणला. तो बिचारा शिकलेला, गाणं आख्खं वाजवायचा. हिलाल ट्रम्पेट तोंडाला लावून उभा राहायचा आणि त्याची पाळीच यायची नाही. शेवटी त्याने त्या माणसाला ताकीद दिली, इतकं वाजवायचं नाही, जरा कमी वाजव. तो रागावून दुसऱ्या गाडीने परत गेला.

इकडे मास्तरपुढे वेगळंच संकट. त्याने ओळ सोडली की आसपासच्या गावांतले वऱ्हाडी स्वतःच ते शेपूट गायला लागले. बायका, पोरं, पंगतीत वाढणारे, सगळे. अगदी हिलालसारखं, अंमळ उशिरा. त्यांना त्यात मजा वाटायची, मास्तरच्या अंगाची आग व्हायची. एका लग्नात तर त्याने क्लारनेट काखेत मारलं आणि वरातीला दम भरला, "तुम्ही कसाले गाई ऱ्हायनात? वाजाडनारा मी शे." एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुम्ही सोडी देतस, म्हनीसन आम्ही भरतस." मास्तरने नवरदेवाकडे पाहिलं. नवरदेव घोड्यावरून तेच शेपूट गुणगुणत होता.

मला वाटतं, मास्तरला खरा हादरा बसला तो धडगावला. तिथे कसल्याशा सरकारी इमारतीचं उद्घाटन होतं आणि कोणीतरी साहेबाला सांगितलं की एकटा वाजवणारा कलाकार आहे. सरकारी ट्रकमधून घाट चढून मास्तर गेला. जाताना माझ्याकडून कोटाला इस्त्री करून घेतली आणि जाता जाता सांगितलं, "तठे शेपूट गानारं कोनी नही. आते देखजो." बरोबरच होतं. जमलेली मंडळी डोंगरातली, पावरी बोलणारी. हे गाणं त्यांच्या कानावर कधी पडलेलंच नव्हतं. मास्तरने पहिली ओळ उचलली, फार सुंदर उचलली, आणि शेपटाच्या जागी आला. दम संपला. थांबला. आणि सगळीकडे शांत. कोणी गाईना, कोणी भरेना. डोंगर समोर उभे आणि तेही गप्प. मास्तर वाट पाहत राहिला. कशाची पाहत होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ती पोकळी इतकी लांबली की साहेबाला वाटलं कार्यक्रम आटोपला. त्याने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "छान. आटोपशीर झालं."

परत आल्यावर मास्तर दुकानात बसला, चहा प्यायला, शेवटचा घोट बशीत ठेवला. त्यावर माशी बसली. तिच्याकडे बघत म्हणाला, "अण्णा, तठे कोनीच भरं नही." मी हसलो. आता सांगायला हरकत नाही, मला त्याची दया आली होती, पण मास्तरवर दया दाखवली की तो उधारीवर अस्तर मागायचा.

त्या दिवशी त्याने बिडी सोडली. मला वाटलं, सोडेल आणि धरेल. पण नाही. सकाळी नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन चालायचा, चालता चालता फुंकायचा. दुपारी घरात तालीम. माझं दुकान भिंतीला लागून, म्हणून सगळं मला ऐकावं लागायचं. ओळ उचलायचा, शेपटापाशी यायचा, खोकायचा. पलीकडून रुख्मा वहिनींचा आवाज यायचा, "तुमना दम मन्हासंगे भांडाले पुरस, गानाले पुरस नही." भावाची बहीण होती ती, शेपूट अचूक मारायची. पण हळूहळू खोकला मागे पडला. एक दिवस मी काज करत होतो आणि भिंतीपलीकडून आख्खी ओळ आली, शेपटासकट. माझी सुई थांबली. शेपूट आलं होतं, पण कसं? मधे पोकळी सोडून, अंमळ उशिरा. हिलालचं शेपूट जसंच्या तसं. मागोमाग मास्तरने स्वतःलाच हासडलेली एक शिवी आली, ती मी इथे लिहीत नाही.

मग हिलालचे दात गेले. एका वरातीत तो नवरदेवाच्या घोडीच्या फार जवळ उभा राहून वाजवत होता. घोडीने मान झटकली, ट्रम्पेट तोंडात घुसलं, पुढचे दात मातीत. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले की संपलं, ओठाला टेकू राहत नाही. भटाने ही बातमी माझ्या दुकानात आणली तेव्हा मास्तर तिथेच चहा पीत होता. आधी तो हसला. मोठ्याने हसला. म्हणाला, "घोडीले बी समजनं." मग विचारलं, "कोनता दात?" भटा म्हणाला, "पुढला समदा." मास्तरने मान हलवली, कप खाली ठेवला आणि निघून गेला. त्या दिवशी एक घोट नाही, अख्खा चहाच राहिला.

हिलालच्या पाटीवरचं नाव धानोऱ्याच्या धुळीत पुसट होत गेलं. तो शेतीकडे वळला. आणि दोनेक वर्षांनी एका उन्हाळ्यात स्वतःच नंदुरबारला आला, दाजीच्या दारात. मुलीचं लग्न ठरलं होतं. मी दुकानाच्या पायरीवर होतो, म्हणून सगळं दिसलं. हिलाल ओठ मिटून बोलायचा आता, हसणं बंद. म्हणाला, "दाजी, पोरनं लगन शे. वाजाडशात ना?" वहिनी दारात पदर धरून उभी. मुलीचा फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, म्हणून मास्तरला नाही म्हणता येणार नव्हतं, आणि म्हणायचंही नव्हतं. इतकी वर्षं तो याच दिवसाची वाट पाहत होता. म्हणाला, "वाजाडसू. पुरं वाजाडसू." हिलालला समजलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "हा दाजी."

दुसऱ्या दिवशी मास्तर नवीन कोट शिवायला आला. मी टेप टाकली. त्याने छाती फुगवली. मी आकडा वाचला, खडूने लिहिला, टेप गुंडाळली, खिशात घातली, तरी छाती तशीच. मी म्हणालो, "मास्तर, सोडा आते." त्याने मिशीत हसून सावकाश श्वास सोडला. मी पहिल्यांदाच त्या माणसाचा कोट खऱ्या मापाने शिवला. शिवताना मनातून वाईट वाटत होतं. पोरीच्या लग्नात, भर मांडवात, दात गेलेल्या बापासमोर हा आपलं गाणं पुरं करणार होता, आणि त्यासाठी लागणारा कोट माझ्याच हातून चालला होता. रागही आला त्याचा. किती दिवस कुरवाळायचा माणसाने एक फेटा?

धानोऱ्याला मीही गेलो. वरात मारुतीच्या पारावरून निघाली. मांडवाच्या दाराशी हिलाल उभा, डोक्याला मुलीच्या बापाचा नवा फेटा, हातात जावयाला द्यायचा नारळ. मास्तर पुढे, मागे भटाचा ढोल. दारापाशी आल्यावर मास्तरने हात वर करून सगळा बँड थांबवला आणि कोरीटचं तेच गाणं उचललं. लोकांनी गलका केला. जुनी माणसं शेपूट गायला सरसावली. मास्तरने बोट वर केलं, नजरेनेच सगळ्यांना गप्प केलं. भटाने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. हिलाल नारळाकडे बघत उभा.

ओळ शेपटाच्या जागी आली. मास्तरच्या छातीत दम होता. शप्पथ सांगतो, होता. ती बटणं मी लावली होती आणि ती ताणून उभी होती. मला दिसत होतं. आणि त्याने क्लारनेट ओठांपासून काढून खाली धरलं. हिलालकडे पाहत थांबला.

भटाने ढोलावर हळूच एक थाप टाकली. हिलालची नजर वर आली. मग त्याची तीन बोटं नारळावर हलायला लागली, ट्रम्पेटच्या कळांवर हलायची तशी, एक खाली, दोन वर, मिटलेल्या ओठांआड गाल फुगलेले. आवाज काहीच नाही. बोटं थांबली तेव्हा मास्तरने छातीतली उरलेली हवा सोडून दिली, नवा श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. अख्खं गाणं त्याने तसंच वाजवलं, प्रत्येक शेपटाची जागा मोकळी ठेवून.

वऱ्हाडाला काय कळणार. माझ्या शेजारचा एक शहाणा म्हणाला, मास्तर थकला आता, पहिल्यासारखा दम राहिला नाही. दोघे-चौघे हसले. मास्तरने ते ऐकलं, मला ठाऊक आहे, कारण त्याची बगळ्यासारखी मान आमच्याकडे वळली होती. पण तो क्लारनेट पुसत राहिला. हिलालने जावयाच्या हाती नारळ दिला, मग दाजीजवळ येऊन म्हणाला, "दाजी, चला. पान मांडेल शे."

मास्तर कोट काढत होता. माझ्याकडे वळला, हिलालला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला,

"देखं ना, अण्णा? आज बी उशीरच करा त्यानी."